पंधरा रुपयांचा आवाज

सरका पुढे, तुमच्या मागे आणखी वीस-पंचवीस माणसं उभी आहेत. साल 1977. जालना अजून औरंगाबाद जिल्ह्यातला तालुका आहे. पोस्टाच्या दारात पाय टाकताच घाम, बिडी आणि वितळलेल्या लाखेचा वास एकदम नाकात शिरतो. काउंटरपलीकडे शिक्के धाडधाड आपटताहेत. मागच्याच्या पिशवीतला डबा तुमच्या पाठीत रुततोय. ‘ओ मियाँ, लाईन में आओ!’ कुणीतरी ओरडतं. रेडिओच्या लायसनचे पैसे भरायची मुदत आज संपते, म्हणून अर्धं गाव इथं लोटलंय.

खिसा चाचपा. लायसनचं पुस्तक आहे ना? आत मागच्या वर्षांची तिकिटं चिकटवलेली, त्यांवर गोल शिक्के. डिंकानं पानं फुगून कडक झालीत. त्यातच 15 रुपये घडी घालून ठेवलेत, तुमच्याच घामानं ओलसर झालेले. टीव्हीला 50 पडतात म्हणे, पण मुंबईचं चित्र इथवर पोचतंय कुठं?

पुढचे पटकेवाले काका अंबडकडचे. ‘उशीर झाला की दंड घेतेत म्हनं,’ ते सांगतात. ‘अन् इन्स्पेक्टर घरी आला, लायसन नसलं, तर रेडिओच उचलून नेतो.’ काकांनी पुस्तक दोन्ही हातांनी छातीशी धरलंय.

हे पैसे जातात दिल्लीच्या तिजोरीत. पण रांगेतल्या माणसाला विचाराल तर ते थेट आकाशवाणीच्या परभणी केंद्राला पोचतात, आणि मला त्याचंच म्हणणं पटतं. आवाजासाठी स्वतः उन्हात येऊन पैसे मोजले की तो आवाज आपला होतो. 1984 मध्ये ही पुस्तकं बंद होतील, आकाशवाणीचा भार सरकार आणि जाहिराती उचलतील. आज इथं कुणाला त्याची कल्पना नाही. तुमचा नंबर आला, द्या पुस्तक. धाड! झालं.

संध्याकाळी ओसरीवर या. रेडिओ लावला तरी लगेच बोलत नाही, आधी आतले व्हॉल्व्ह तापतात, तापल्या धुळीचा वास येतो, काचेमागे पिवळा उजेड पसरतो. मग खरखर, शिट्टी, आणि एकदम स्वच्छ मराठी. शेजारपाजारची पोरं तुमच्या गुडघ्यांना टेकून बसलीत, बायका चौकटीत उभ्या. कापसावरच्या बोंडअळीची माहिती सुरू होताच सगळे गप्प होतात. नेमकं औषधाचं प्रमाण सांगतानाच खरखर वाढते आणि आकडा हरवतो.

शेजारचे अण्णा तुमच्या हातात पोस्टकार्ड देतात. ‘परभणीला लिहा, परत सांगा म्हणावं. आणि खाली आपल्या लायसनचा नंबर टाका.’