पिंपरीच्या मातीतले औषध

उणकलच्या तळ्याकाठून जाणारा पुणे-बेंगळूर रस्ता आमच्या वाचकांच्या नित्य परिचयाचा आहे. हाच जुना हमरस्ता बेळगाव, कोल्हापूर, सातारा व पुणे करीत पिंपरीवरून मुंबईकडे जातो. त्या पिंपरीच्या मातीशी आपल्या घरांतील एका अबोल व्याधीचा इतिहास निगडित आहे. आम्ही पडलो वकील. वैद्यकीचा अधिकार आम्ही सांगत नाही. परंतु ज्या विषयावर घरात कोणीच बोलत नाही, त्याविषयी कोणी तरी लिहिले पाहिजे, एवढ्याचसाठी हा प्रपंच.

ही व्याधी म्हणजे योनिमार्गास होणारा बुरशीचा संसर्ग. आपल्याकडे 'अंगावरून पांढरे जाणे', 'धुपणी', 'श्वेतप्रदर' अशा नावांखाली अनेक निरनिराळे विकार एकत्र बांधले गेले, आणि त्यामुळे कारणाचा शोध मागे पडला. इंग्लंडात विल्किन्सन यांनी १८४९ साली योनिस्रावातील बुरशीचे वर्णन केले. पुढे १९२३ साली बर्खाउट या डच विदुषींनी त्या वर्गास 'कँडिडा' हे नाव दिले. ही बुरशी बाहेरून आलेली शत्रू असतेच असे नाही. अनेक निरोगी स्त्रियांच्या शरीरी ती गुपचूप नांदते आणि तेथील उपकारक जंतू तिला आवरून धरतात. हा तोल ढळला, की ती माजते. गर्भारपण, ताब्यात नसलेला मधुमेह, क्षीण झालेली प्रतिकारशक्ती आणि जंतुनाशक औषधे ही त्याची मुख्य कारणे होत.

यांतील शेवटचे कारण इतिहासाच्या दृष्टीने मोठे चमत्कारिक आहे. पेनिसिलिन व त्यामागून आलेल्या औषधांनी असंख्य प्राण वाचविले. परंतु रोगजंतूंबरोबर उपकारक जंतूही मारले गेले व बुरशीला रान मोकळे झाले. तिच्यावर औषध शोधण्याचे काम अमेरिकेत एलिझाबेथ हेझन व रेचल ब्राउन या दोन विदुषींनी अंगावर घेतले. एक न्यूयॉर्क शहरात, दुसरी ऑल्बनीत. मातीतील जंतूंचे नमुने टपालाने जात-येत. व्हर्जिनियातील एका शेतमातीतून त्यांना 'निस्टॅटिन' गवसले व १९५० साली ते जाहीर झाले. त्याच्या स्वामित्वधनातून स्वतःसाठी काही न घेता त्यांनी ते शास्त्रीय संशोधनास वाहिले.

इकडे १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला व १९५५ साली तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत कवकशास्त्रज्ञ तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी पिंपरीच्या मातीतील एका सूक्ष्मजीवापासून बुरशीनाशक औषध मिळविले. ते १९६१ साली प्रसिद्ध झाले. कारखान्याच्या आद्याक्षरांवरून त्याचे नाव 'हॅमायसिन' पडले आणि त्या सूक्ष्मजीवाच्या नावात पिंपरी गाव कायमचे गोवले गेले. जेथे पेनिसिलिन बनत होते, तेथेच त्याच्या एका उपद्रवावरचा उताराही सापडला! तोंडातील व योनिमार्गातील बुरशीवर हे औषध वापरात आले.

पुढे क्लोट्रिमॅझोल व फ्लुकोनॅझोल ही औषधे आली व जुनी मागे पडली. आज साधारणतः योनिमार्गात ठेवावयाची गोळी वा मलम काही दिवस देतात, अथवा फ्लुकोनॅझोलची १५० मिलिग्रॅमची एकच मात्रा पोटातून देतात. गर्भवतीने मात्र पोटातून घेण्याचे औषध टाळावे. तिच्यासाठी सात दिवसांचा स्थानिक उपचार योग्य मानतात. खाज, आग व दह्यासारखा घट्ट पांढरा स्राव ही बुरशीची लक्षणे होत. स्रावास दुर्गंधी असेल, तर कारण बहुधा निराळे असते व उपचारही निराळा लागतो. म्हणून तपासणीवाचून औषध घेऊ नये. वर्षातून तीन-चार वेळा त्रास उलटत असेल, तर रक्तातील साखर अवश्य पाहावी.

आता आमच्या प्रांतातील एक गोष्ट. भिंतींवरील व पत्रकांतील 'हमखास गुण' देणाऱ्या जाहिराती आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यानुसार ठराविक रोगांवरील औषधांची लोकांत जाहिरात करणे हा गुन्हा आहे. हमदर्द दवाखाना खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यातील काही भाग रद्द ठरविला. त्यानंतर १९६३ साली दुरुस्ती होऊन रोगांची यादी कायद्यासच जोडली गेली. तीत 'स्त्रियांचे रोग' स्पष्ट शब्दांत आहेत. पण कायदा जाहिरातदाराला आवरू शकतो. लाजेपायी गुपचूप पैसे मोजणाऱ्या बाईला तो कसा वाचविणार? भोंदूचा धंदा औषधापेक्षा आपल्या मौनावर अधिक चालतो.

आमच्या समाजात ह्या मौनास सोवळ्या-ओवळ्याची जोड मिळते. ही व्याधी म्हणजे अपवित्रता नव्हे, आणि चारित्र्यावरील डागही नव्हे. अंतर्भाग साबणाने वा जंतुनाशकाने धुऊन ती बरी होत नाही, उलट बिघडते. देवकार्यात फार वेळ ओलेत्याने वावरणेही अशा स्थितीत टाळलेलेच बरे. देव त्यासाठी रागावणार नाही.

उणकलहून हुबळीचे मोठे सरकारी रुग्णालय काही दूर नाही. अंतर आहे ते माजघरापासून उंबरठ्यापर्यंतचे. सासूने सुनेला, आईने लेकीला 'चल, दाखवून येऊ' एवढे म्हटले, तरी ते पुष्कळसे तुटेल. आणि पुरुषांनीही त्यास संकोच न मानता साह्य करावे, अशी आमची विनंती आहे.