यवतमाळमधील फवारणी-विषबाधा (२०१७) आणि पीडितांचे संघटन : एक ऐतिहासिक आढावा

१९५८ मध्ये केरळात पॅराथिऑनने दूषित झालेल्या गव्हाच्या पिठामुळे शंभराहून अधिक माणसे दगावली. त्या दुर्घटनेच्या चौकशीतून १९६८ चा कीटकनाशक कायदा आकारास आला. १९७१ च्या नियमांत विषारी द्रव्ये हाताळणाऱ्यांसाठी संरक्षक पोशाखाची तरतूद झाली. ही तरतूद शेतापर्यंत कितपत पोहोचली, याची कसोटी यवतमाळ जिल्ह्यात लागली.

२०१७ च्या खरीप हंगामात पऱ्हाटी माणसाच्या उंचीची व दाट झाली होती. फवारणीचे तुषार थेट मजुरांच्या तोंडावर येत. एकाहून अधिक औषधे मिसळून फवारण्याची पद्धत रूढ होती. त्या हंगामात जिल्ह्यात सुमारे २० शेतकरी-शेतमजूर मृत्यू पावले आणि ८०० हून अधिक जणांना रुग्णालयात उपचार घ्यावे लागले. शासनाने विशेष तपास पथक नेमले आणि मोनोक्रोटोफॉस, डायफेन्थियुरॉन यांसह पाच कीटकनाशकांवर ६० दिवसांची बंदी घातली. राज्याचा अधिकार अशा तात्पुरत्या बंदीपुरताच आहे. कायमची बंदी केंद्राच्या अखत्यारीत येते.

आरंभीच्या चर्चेत मजुरांच्या निष्काळजीपणावर बोट ठेवले गेले. या मांडणीला पीडितांच्या संघटनेने छेद दिला. 'महाराष्ट्र असोसिएशन ऑफ पेस्टिसाइड पॉयझन्ड पर्सन्स' या संघटनेने पॅन इंडिया, पब्लिक आय इत्यादी संस्थांसह सप्टेंबर २०२० मध्ये ५१ शेतकऱ्यांच्या वतीने सिंजेंटा कंपनीविरुद्ध स्वित्झर्लंडमधील ओईसीडी संपर्क केंद्राकडे तक्रार दाखल केली. दोन मृतांच्या पत्नी आणि एक बाधित शेतकरी यांनी नुकसानभरपाईसाठी तेथे स्वतंत्र कायदेशीर कार्यवाही सुरू केली. आपल्या उत्पादनामुळे विषबाधा झाल्याचे कंपनीने नाकारले. २०२२ मध्ये तक्रारीची प्रक्रिया समझोत्याविना संपली.

तथापि या प्रयत्नाचे मोल केवळ निकालावरून ठरत नाही. रुग्णालयातील केसपेपर व पोलिसांतील नोंदी, एरवी दप्तरात पडून राहणारे हे कागद, पुरावा म्हणून महत्त्वाचे ठरले. २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात मोनोक्रोटोफॉसमिश्रित शालेय भोजनाने २३ बालकांचा बळी घेतला होता. त्या द्रव्याच्या ३६ टक्के तीव्रतेच्या द्रावणावर केंद्राने बंदी जाहीर केली ती २०२३ मध्ये. दुर्घटना आणि कायदा यांतील हे अंतर दीर्घ असते. ते कमी करावयाचे, तर बाधितांची नोंद सातत्याने ठेवणारे स्थानिक संघटन आवश्यक ठरते, हाच यवतमाळच्या अनुभवाचा निष्कर्ष होय.