सोमकुवरांची कुमुद आणि संस्कृतचा वर्ग

१८९६ च्या दुष्काळात नागपूरजवळच्या उमरेडचे एक महार कुटुंब पोटासाठी नागपुरात आले. त्यात चार वर्षांची जाईबाई होती. लग्नानंतर तिने हमाली केली. एका मिशनरी बाईंनी तिला शिकवले आणि मिशनच्या शाळेत नोकरीही दिली. पण शिकवणारी बाई अस्पृश्य आहे हे कळताच सवर्ण पालक बिथरले आणि नोकरी गेली. मग १९२२ मध्ये जाईबाई चौधरींनी चोखामेळ्याच्या नावाने मुलींची स्वतःचीच शाळा काढली.

जाईबाईंच्या या नागपुरातच २० जुलै १९४२ रोजी दलित महिला परिषद भरली. अध्यक्ष होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. सुमारे २५ हजार बायांसमोर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. त्या वेळी याच शहरातल्या महार वस्तीत वाढणारी कुमुद सोमकुवर जेमतेम चार वर्षांची होती.

या मुलीने संस्कृत शिकायचे ठरवले. त्या निवडीचे मोल कळण्यासाठी बाबासाहेबांची शाळा आठवावी: जातीमुळे त्यांना तिथे संस्कृत नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली. कुमुदला मात्र शाळेत गोखले गुरुजी भेटले. त्यांनी जात न पाहता मन लावून शिकवले. ऑक्टोबर १९५६ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, तिने कुटुंबासह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. पुढे ती संस्कृतची एम. ए. झाली. ज्या ग्रंथांनी शूद्रांना आणि स्त्रियांना ज्ञान नाकारले, ते ग्रंथ आता एक महार मुलगी मुळातून वाचत होती.

नोकरी मात्र मिळेना. मुलाखतीला गेले की आडनाव आडवे येई. दोन वर्षे अशीच गेली. त्या काळात तिने इंग्रजी साहित्याच्या एम. ए. साठी नाव घातले. जगजीवन राम यांनी तिची व्यथा पंडित नेहरूंच्या कानावर घातली. नेहरूंनी दखल घेतली, तरी दार उघडले नाही. मग तिने कुणबी समाजातल्या मोतीराम पावडे यांच्याशी लग्न केले आणि काही महिन्यांतच सरकारी महाविद्यालयात तिला अधिव्याख्याता म्हणून नेमणूक मिळाली. पदवी तीच होती, बाई तीच होती. बदलले होते फक्त आडनाव. नोकरी कुमुद सोमकुवरला मिळाली नाही, कुमुद पावडेला मिळाली, हे शल्य त्यांनी पुढे उघडपणे लिहिले.

ते लेखन म्हणजे १९८१ चे त्यांचे आत्मकथन ‘अंतःस्फोट’. अमेरिकेतही असेच घडले होते: मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेचे काम केलेल्या कवयित्री माया अँजेलो यांच्या आत्मकथनाचा पहिला खंड १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. कृष्णवर्णीय बाईचे आयुष्य वर्ण आणि पुरुषसत्ता या दोन्हींनी घडते, हे त्यातून अमेरिकेला वाचावे लागले. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लढ्याशी आपल्याला जोडणारा धागा जुना आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ ची ‘गुलामगिरी’ दास्यमुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली होती. १९७२ च्या दलित पँथरने तर नावच ब्लॅक पँथरवरून घेतले. पण त्या चळवळीतून आलेल्या लढाऊ साहित्यात बाईचा आवाज क्षीण होता. कुमुदताईंनी जातीचा आणि बाईपणाचा जाच एकाच लेखणीने मांडला.

आणि त्या लिहून थांबल्या नाहीत. दलित विद्यार्थी चळवळीत आणि स्त्री संघटनांत त्यांनी काम केले. १९९५ मध्ये रूथ मनोरमा यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या दलित महिलांच्या राष्ट्रीय महासंघाच्या संस्थापकांत त्या होत्या. त्यांच्या संस्कृत शिक्षणाची कहाणी प्रिया आडारकर यांनी इंग्रजीत नेली आणि अर्जुन डांगळे यांनी संपादित केलेल्या १९९२ च्या दलित साहित्याच्या इंग्रजी संकलनात ती आली. २०२३ मध्ये कुमुदताई गेल्या.

‘अंतःस्फोट’ची गणना दलित स्त्री साहित्यात होते, ती योग्यच आहे. पण हे पुस्तक तेवढ्या एका कप्प्यात ठेवून भागणार नाही. संस्कृत विभागांनी ते आपल्या विद्यार्थ्यांना वाचायला लावावे. या भाषेच्या शिक्षणाचा महाराष्ट्रातला इतिहास त्यावाचून अपुरा आहे.