मुलाला भाषा कोण देते?

मूल आईकडून भाषा शिकते असे आपण सहज म्हणतो. ‘मातृभाषा’ हा शब्दही तेच सांगतो. पण आईवडिलांनी ठरवले, तर घराबाहेर कोणीच बोलत नाही अशी भाषा ते मुलाला देऊ शकतील का? असे प्रयत्न खरोखरच झाले आहेत.

१८८१ मध्ये एलिएझर बेन-येहुदा पॅलेस्टाईनमध्ये राहायला गेले. तेव्हा हिब्रू ही प्रार्थनेची आणि ग्रंथांची भाषा होती. घरात मुलांशी ती कोणी बोलत नसे. १८८२ मध्ये मुलगा झाला तेव्हा त्यांनी निश्चय केला, की याच्या कानावर फक्त हिब्रूच पडेल. बाहुली, आइसक्रीम अशा रोजच्या वस्तूंसाठी त्यांनी नवे शब्द घडवले. मुलगा उशिरा बोलू लागला, पण बोलला तो हिब्रूच.

दुसरा प्रयोग अमेरिकेतला. ‘स्टार ट्रेक’ या चित्रपटमालेतल्या परग्रहवासीयांसाठी मार्क ओक्रँड यांनी क्लिंगॉन नावाची भाषा रचली होती. १९९४ पासून एक भाषातज्ज्ञ आपल्या तान्ह्या मुलाशी केवळ क्लिंगॉनमध्ये बोलू लागले. आई मात्र इंग्रजीत बोले. मुलाला क्लिंगॉन समजू लागली, पण पुढे तो त्या भाषेत उत्तर देईनासा झाला. सुमारे तीन वर्षांनी वडिलांनी हा प्रयोग थांबवला.

दोघेही वडील सारखेच जिद्दी. मग फरक कशामुळे पडला? हिब्रू घराबाहेर पडून शाळांमध्ये गेली. देशोदेशींहून आलेल्या ज्यूंना एका समान भाषेची गरज होतीच. मुले ती खेळताना, भांडताना वापरू लागली. १९२२ मध्ये ती पॅलेस्टाईनच्या राजभाषांपैकी एक झाली. क्लिंगॉन बोलायला मात्र त्या मुलाजवळ वडिलांखेरीज कोणीच नव्हते.

याची उलट बाजू निकाराग्वात दिसली. तिथे १९७७ नंतर मानाग्वा शहरातल्या शाळांमध्ये कर्णबधिर मुले प्रथमच मोठ्या संख्येने एकत्र आली. शिक्षक त्यांना ओठांच्या हालचालींवरून स्पॅनिश शिकवीत. त्यात फारसे यश येत नसे. पण मैदानात आणि बसमध्ये मुलांनी घरून आणलेल्या खाणाखुणा एकमेकांत मिसळल्या. १९८६ मध्ये भाषाशास्त्रज्ञ ज्युडी केगल यांना बोलावण्यात आले. पुढच्या अभ्यासातून दिसले, की लहान वयात आलेल्या मुलांनी मोठ्यांच्या खुणांना नियमबद्ध व्याकरण दिले होते. ही भाषा त्यांना कोणीही शिकवली नव्हती. मात्र जी मुले वयात आल्यावर तिथे पोहोचली, त्यांना तेवढी सफाई साधली नाही.

आपल्या वर्गात एखादे कर्णबधिर मूल असेल, तर ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. त्याला पहिल्या बाकावर बसवून ओठ वाचायला लावणे पुरेसे नाही. खुणांची भाषा बोलणारे सोबती त्याला हवेत, आणि तेही लहान वयातच.