साथीच्या आधी बोललेले इमाम

सोलापूर जिल्ह्यात एचआयव्ही समुपदेशनाचं काम करताना एक वाक्य कायम कानावर येतं : "मॅडम, आमच्या लोकांत असलं काही नसतं." रुग्ण कमी असले की प्रत्येक समाजाला असंच वाटतं, आणि साथीला तेच हवं असतं. म्हणून सेनेगलचा इतिहास मी ओळखीच्या कीर्तनकारांना आणि मौलानांना आवर्जून सांगते.

पश्चिम आफ्रिकेतल्या या देशात नव्वद टक्क्यांहून जास्त लोक मुसलमान आहेत. त्यातले बहुतेक तिजानी किंवा मुरीद या सूफी परंपरांचे. पंढरीला वारी लोटते तशी तूबा शहरात दरवर्षी मुरीदांची मगाल यात्रा भरते. गुरूचा शब्द तिथे खाली पडत नाही. १९८६ मध्ये एड्सचे मोजके रुग्ण सापडले आणि त्याच वर्षी सरकारने कार्यक्रम हाती घेतला. कंडोमचा प्रचार सुरू झाला तसा 'जामरा' या इस्लामी संघटनेने विरोध केला.

यानंतर जे घडलं ते मला फार मोलाचं वाटतं. सरकारी माणसं भांडत बसली नाहीत, त्यांनी बोलणी लावली. १९८९ मध्ये धर्मगुरूंची पाहणी झाली, तेव्हा कळलं की लोकांना सांगण्याआधी त्यांनाच माहिती हवी आहे. मग जामरानेच इमामांसाठी पुस्तिका तयार करायला हातभार लावला, प्रशिक्षणं झाली आणि शुक्रवारच्या खुतब्यात, म्हणजे नमाजाच्या प्रवचनात, एड्सचा विषय येऊ लागला. मार्च १९९५ मध्ये डाकारला मुसलमान धर्मगुरूंची मोठी परिषद भरली. पुढच्या वर्षी ख्रिस्ती धर्मगुरूंची. इमामांनी संयम आणि एकनिष्ठा सांगितली, आजाऱ्याला टाकू नका म्हणून सांगितलं. मशिदीतल्या प्रवचनात कंडोमचा पुरस्कार त्यांनी केला नाही, पण दवाखान्याने तो दिला तर आडवेही आले नाहीत. माझ्या मते त्यांचं खरं श्रेय या आडवं न येण्यात आहे.

सगळं यश मशिदींचं नव्हे. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांची नोंदणी आणि नियमित तपासणी तिथे १९६९ पासून होती, सुंता जवळपास सार्वत्रिक होती, रक्ताची तपासणीही लवकर सुरू झाली. २००५ च्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढांमधलं एचआयव्हीचं प्रमाण ०.७ टक्के निघालं.

पण या आकड्याआड काही माणसं राहून गेली. २००४ मध्ये समलिंगी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांची पाहणी झाली, तेव्हा त्यांच्यात हेच प्रमाण २१ टक्क्यांच्या वर आढळलं. खुतब्यात त्यांच्यासाठी आधाराचा शब्द नव्हता. डिसेंबर २००८ मध्ये एचआयव्ही प्रतिबंधाचं काम करणाऱ्या नऊ जणांना अटक झाली, जानेवारीत आठ वर्षांची शिक्षा झाली. एप्रिलमध्ये वरच्या न्यायालयाने त्यांना सोडलं, तोवर भीतीने कितीतरी जण दवाखान्यापासून लांब गेले होते. सेनेगलचं कौतुक करताना हा भाग गाळणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं.

तेव्हा गावात एकही रुग्ण माहीत नसला तरी कीर्तनकारांना, मौलानांना, फादरांना आत्ताच माहिती द्या. आणि बोलणं संपताना १०९७ हा मोफत हेल्पलाइन क्रमांक सांगायची विनंती त्यांना जरूर करा. देवळात किंवा मशिदीत जे विचारता येत नाही, ते तिथे विचारता येतं.