खाजणातील भात आणि सुंगटे



संध्याकाळी वह्यांचा गठ्ठा घेऊन शाळेतून घरी परतावे, स्वयंपाकाला फारसा अवधी उरलेला नसावा, आणि नेमकी त्याच दिवशी घाट चढून आलेली ताजी सुंगटे बाजारात मिळावीत, हा योग आम्हा बेळगावकरांच्या वाट्याला रोज येत नाही. मुंबई-पुण्याकडे जिला कोळंबी म्हणतात तिलाच गोव्यात व दक्षिण कोकणात सुंगट हे नाव आहे. अशा संध्याकाळी आमच्या घरी तिखटाची लाल कडी न करता काल्दीन करतात. कृती अगदी साधी आहे. सुंगटे सोलून, पाठीवरचा काळा दोरा काढून, मीठ व हळद लावून बाजूला ठेवावीत. ओले खोबरे, धने, जिरे, थोडी मिरी, लसूण व हळद एकत्र वाटून त्याचा दाट रस वेगळा आणि पातळ रस वेगळा काढावा. कांदा मऊ होईपर्यंत परतून त्यावर पातळ रस ओतावा, उभ्या चिरलेल्या हिरव्या मिरच्या आणि असल्यास चार भेंड्या घालाव्यात. सुंगटे मात्र अगदी शेवटी सोडावीत. चार-पाच मिनिटे पुरेत. त्याहून अधिक शिजली की ती चिवट होतात आणि मग त्यांना काहीच चव राहत नाही. दाट रस व चिंचेचा कोळ घालून एक कढ येऊ दिला की काम संपले. भात होईपर्यंत कालवणही तयार असते. रात्रीच्या जेवणाला हे हलके, आणि शुक्रवारी मांस वर्ज्य करणाऱ्या आमच्यासारख्या घरांत तर ठरलेलेच.

पाऊण तासात उरकणाऱ्या या जेवणाच्या पाठीशी किती शतके उभी आहेत, याचा विचार ताटावर बसलेला मनुष्य सहसा करीत नाही. मी तरी पुष्कळ वर्षे केला नव्हता.

प्रथम नावच पाहा. काल्दीन हा शब्द पोर्तुगीज 'काल्दो' म्हणजे रस्सा, त्यापासून झालेल्या 'काल्दिन्यो' या लघुरूपावरून आला. शब्द परका, परंतु पदार्थ परका आहे काय? गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा भारतीय औषधींवरील ग्रंथ 1563 साली गोव्यात छापला गेला. नारळाच्या रसात केलेल्या 'कारील' नामक कालवणाचा उल्लेख त्यात आहे. त्यानंतर यान हुयखेन फान लिन्सखोतेन हा डच तरुण 1583 ते 1588 या काळात गोव्याच्या आर्चबिशपांच्या सेवेत होता. 1596 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासग्रंथात तो सांगतो की, येथील लोक मासळी बहुधा भाताबरोबर खातात, भातावर आंबटसर रस्सा घेतात, आणि हेच त्यांचे नित्याचे अन्न होय. त्याच्या जिभेला प्रथम जाणवला तो आंबटपणा, हे लक्षात घेण्याजोगे आहे. मिरची ही मूळची अमेरिकेची. ती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्या किनाऱ्यावर उतरली आणि ब्राझीलमधील पेर्नांबुको प्रांताच्या नावाने ओळखली जाऊ लागली. ओर्ताच्या ग्रंथात ती नाही. तेव्हा मिरी, हळद, नारळ आणि आंबट यांवर उभे असलेले आमचे काल्दीन लाल कडीपेक्षा जुन्या चवीच्या अधिक जवळचे असावे, असे मला वाटते. हा माझा तर्क आहे. त्यातल्या हिरव्या मिरच्या त्याच्या आड येतात, हे मी मान्य करतो.

ओर्ताचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. तो जन्माने ज्यू कुळातील. त्याच्या मृत्यूनंतर 1580 साली गोव्याच्या इंक्विझिशनने त्याची हाडे उकरून जाळली. याच इंक्विझिशनने 1736 साली एक जाहीरनामा काढून नवख्रिस्ती लोकांनी हिंदूंच्या कोणकोणत्या चाली पाळू नयेत, याची लांबलचक यादी दिली. तीत हिंदूंच्या रीतीप्रमाणे मिठाशिवाय भात शिजविण्यालाही बंदी होती! भाताच्या पातेल्यातील मिठापर्यंत धर्मसत्तेने हात घालावा, हे वाचताना माझ्यासारख्या ख्रिस्ती माणसाची मान खाली जाते. परंतु चुलीवर हुकूम चालविणे सोपे नव्हते. हिंदू घरातील सुंगटांचे हुमण आणि ख्रिस्ती घरातील कडी शेजारी शेजारी ठेवून पाहा. एकीकडे आमसूल, दुसरीकडे चिंच किंवा माडाचा शिरका. कोठे लसूण अधिक, कोठे नाही. नारळ तोच, वाटण्याचा दगड तोच, आणि भातही तोच.

या भाताकडेच मला आपले लक्ष वेधावयाचे आहे. गोव्यात मांडवी, जुवारी या नद्यांच्या काठी समुद्राच्या भरतीहून खोलगट अशी जमीन आहे. तिला खाजण म्हणतात. 'खज्जन' हा शब्द गोव्यातील प्राचीन ताम्रपटांतही आढळतो. आज अशी जमीन सुमारे 18,000 हेक्टर मानली जाते. चिखल, पेंढा व जांभा दगड यांचे बांध घालून पूर्वजांनी ती खाऱ्या पाण्यापासून सोडवून घेतली. बांधात ठिकठिकाणी लाकडी दारे बसविली. त्या दारांच्या रचनेला मानस म्हणतात. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दार आपोआप मिटते, ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते. ना यंत्र, ना पहारेकरी! पावसाळ्याच्या पहिल्या सरींनी जमिनीतील खार धुऊन निघाला की तीत कोरगुटासारखे खार सोसणारे भात लावीत. पीक निघाल्यावर त्याच पाण्यात सुंगटे वाढत. सुंगटाची मादी समुद्रात अंडी घालते. पिले भरतीबरोबर खाडीत शिरतात, निमखाऱ्या पाण्यात पोसतात, आणि मोठी झाली की पुन्हा समुद्राकडे निघतात. परतीच्या या वाटेवर मानशीला जाळे लावून रात्रीच्या ओहोटीला ती धरीत. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, पाण्याला ओढ अधिक असताना, जाळे जड होई.

म्हणजे ताटातील भात आणि त्यावरील सुंगटे ही एकाच शेताची दोन पिके होती.

हे सारे सांभाळीत असे गावाची गांवकारी. अफोन्सो मेशिया याने 1526 साली गावांच्या चालीरीती 'फोराल' नामक सनदेत नोंदविल्या; तथापि गांवकारी त्याहून पुष्कळ जुनी. पोर्तुगीज अमदानीत तिला कोमुनिदाद हे नाव मिळाले. मानशीवरील मासेमारीचा लिलाव होई आणि बांध दुरुस्त राखण्याचा भार गांवकारीवर असे. खेकड्यांनी पाडलेली भोके वेळच्या वेळी बुजविली नाहीत, तर एका मोठ्या भरतीत साऱ्या गावाचे भात जाई. म्हणून बांधाची काळजी हा एकट्या-दुकट्याचा प्रश्न कधीच नव्हता.

1961 च्या मुक्तीनंतर दिवस पालटले. 1964 च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला संरक्षण मिळाले. हे न्याय्यच होते. गांवकारीत कसणाऱ्या मजुराला आणि स्त्रियांना स्थान नव्हते, हे विसरून तिचे गोडवे गाणे बरे नव्हे. बांधांची जबाबदारी मात्र कुळांच्या संघांकडे गेली, आणि काही ठिकाणी ती कोणाचीच राहिली नाही. त्याच सुमारास गोठविलेल्या कोळंबीला परदेशी बाजारपेठ मिळाली. समुद्रात ट्रॉलर आले. त्यांच्याविरुद्ध 1970 च्या दशकात रापणकारांनी लढा दिला आणि 1980 साली मासेमारी नियमनाचा कायदा झाला. त्या लढ्याची हकीकत बऱ्याच जणांना ठाऊक आहे. खाजणात काय घडले, ते फारसे कोणी सांगत नाही. भातापेक्षा सुंगटांना पैसा अधिक. मानशीचे दार बंद ठेवण्यापेक्षा उघडे ठेवण्यात लाभ. खारे पाणी आत राहिले की मासळी भरपूर, आणि शेजारच्याचे भात बुडाले तरी त्याचे उत्तर कोणी द्यावयाचे? ठिकठिकाणी बांध फुटले, काही मुद्दाम फोडले गेले, आणि ज्या शेतांत पूर्वी कोरगुट डोले तेथे कांदळवन माजले. 11 डिसेंबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने किनाऱ्यावरील कोळंबी-संवर्धनाच्या व्यापारी तळ्यांवर निर्बंध घातले, पण परंपरागत पद्धतीला मुभा ठेवली. मानस ही परंपरागतच. ती टिकवावयाची तर बांध टिकला पाहिजे, आणि बांध टिकवावयाचा तर भात पेरणारे कोणी हवे.

गेल्या उन्हाळ्यात तिसवाडीतील एका नातलगांकडे गेलो होतो. त्यांच्या घरामागे खाजण आहे. रात्री काल्दीन केले होते. सुंगटे त्यांच्याच मानशीची, गोड आणि टणक. भात मात्र दुकानातला, परराज्यातून आलेला. मी विचारले, तेव्हा यजमानबाई म्हणाल्या, ''सर, आमच्या शेतात आता भात कुठला? सासूबाई होत्या तोवर कोरगुटाचा होता. पेज करायच्या त्या.'' मग त्यांनी माळ्यावरून एक डबा काढून दाखविला. तळाशी ओंजळभर तांबूस भाताचे दाणे होते. बियाणे म्हणून सासूबाईंनी राखून ठेवलेले. किती वर्षांचे, ते त्यांनाही सांगता येईना. ''उगवेल का हो?'' त्यांनी विचारले. मी भाषेचा शिक्षक. मला काय ठाऊक? डबा पुन्हा माळ्यावर गेला आणि आम्ही जेवायला बसलो.