तट नसलेला कडा

हिरकणीवाडीतून रोपवेने रायगडावर जाताना समोरचा कडा नीट बघा. त्यावर बऱ्याच ठिकाणी तटबंदी नाही. किल्ला म्हणजे चारी बाजूंनी तट, असं पाठ करून आलेल्याला वाटेल की बांधकाम अर्धवट राहिलं. पण शत्रूला वर येऊ द्यायचं नाही हे तत्त्व. ते काम कडाच करत असेल तर तिथे दगड-चुना कशाला घालवायचा? १६६४ साली मालवणजवळ कुरटे बेटावर सिंधुदुर्ग बांधायला घेतला, तिथे असा कडाच नव्हता. म्हणून बेटाभोवती तट आला. राजा एकच, तत्त्व एकच, आराखडे वेगळे.

हिरकणीची गोष्ट तुम्हाला माहीतच आहे. (दंतकथा आहे, पुरावा मागू नका.) गडाचे दरवाजे बंद झाले, ती तान्ह्या बाळासाठी कडा उतरून गेली, आणि महाराजांनी त्या जागी बुरूज बांधला. सगळ्या डोंगराला तट नाही घातला बरं का. गृहीतक जिथे चुकलं, तेवढ्याच जागी बुरूज.

सॉफ्टवेअरच्या इतिहासात नेमकं उलटं घडलं. १९७० साली विन्स्टन रॉइस यांनी मोठ्या सॉफ्टवेअर प्रकल्पांवर एक लेख लिहिला. त्यात एकाखाली एक टप्पे उतरत जाणारी आकृती होती. पुढे तिलाच ‘वॉटरफॉल’ म्हणू लागले, मूळ लेखात तो शब्दही नाही. असं काम करणं धोक्याचं आहे, हे रॉइस यांनी त्याच लेखात सांगितलं होतं. आधी एकदा करून बघा, ग्राहकाला सोबत घ्या, असे उपायही दिले होते. लोकांनी आकृती उचलली आणि इशारा तिथेच सोडला.

मग २००१ साली अमेरिकेत युटामधल्या स्नोबर्ड इथे १७ जण जमले आणि अ‍ॅजाइलचा जाहीरनामा आला. त्यात ४ मूल्यं, सोबत १२ तत्त्वं. ‘स्प्रिंट’, ‘स्टँड-अप’ हे शब्द त्यात शोधून सापडणार नाहीत. ‘स्प्रिंट’ स्क्रममधला, आणि स्क्रम तर १९९५ मध्येच एका परिषदेत मांडलं गेलं होतं. शेवटचं तत्त्व एवढंच म्हणतं की टीमने ठरावीक काळाने थांबून आपली पद्धत तपासावी आणि बदलावी. म्हणजे तयार चौकटसुद्धा तपासायची! नवख्या टीमला सुरुवातीला चौकटीचा आधार होतो, हे मान्य. पण पुढे तीच चौकट ध्येय होऊन बसते.

तुम्ही या विषयावर प्रस्ताव लिहीत असाल तर अडचण मोजमापात येते. रोज स्टँड-अप होतो का, स्प्रिंट किती आठवड्यांचा, भिंतीवर बोर्ड आहे का, अशी प्रश्नावली करणं सोपं. पण हे तट मोजणं झालं. त्यापेक्षा नोंदी मागा: ग्राहकाने तक्रार केल्यावर कामांचा क्रम बदलला का, किती दिवसांत, निर्णय कोणी घेतला? वेळखाऊ आहे, गाईडही कुरकुर करतील.

त्याआधी रॉइस यांचा मूळ लेख वाचा. फार मोठा नाही. फक्त दुसऱ्या आकृतीपाशी थांबू नका.